पेरियारची पाणमांजरं: कुठे बसायचं, कॅमेरा कुठे रोखायचा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून केरळातल्या थेक्कडीला गेलात, पेरियार तलावात दोनदा बोटीने फिरलात, एकदा पाणमांजरांचा कळपही दिसला, पण घरी येऊन पाहिलं तर फोटोत पाण्यावर काळे ठिपके. आता पुन्हा जायचं आहे. १५०-६०० मिलिमीटरची लेन्स आहे, ती पुरेल की याहून लांब पल्ल्याची भाड्याने घ्यावी?

घेऊ नका. ते पैसे बांबूच्या तराफ्यावरच्या दिवसभराच्या फेरीला घाला, आणि जमलं तर डिसेंबरऐवजी फेब्रुवारीची अखेर किंवा मार्च धरा. ठिपके आले ते लेन्स तोकडी पडली म्हणून नव्हे. पोहणारं पाणमांजर फोटोला मुळातच फार थोडं देतं: चपटं डोकं, पाठीची एखादी रेघ, बुडी मारताना क्षणभर शेपूट. बाकी सगळं पाण्याखाली. ८०० मिलिमीटरची लेन्स लावलीत तर ठिपका मोठा होईल, एवढंच. या प्राण्याचा फोटो काठावर होतो. म्हणून तो पाण्यातून बाहेर कुठे येणार हे आधी ओळखायचं आणि तिथून बऱ्यापैकी लांब, गप्प बसून राहायचं. माझ्या मते बाकीचं सगळं तंत्र यानंतरचं.

तो बाहेर येणार याची खात्री बाळगा, कारण त्याला यावंच लागतं. पेरियारच्या तलावात दिसतं ते गुळगुळीत केसांचं मोठं पाणमांजर, भारतातल्या तीन जातींपैकी सर्वांत वजनदार. पूर्ण वाढलेलं जनावर साधारण ७ ते ११ किलोंचं भरतं. सील किंवा देवमाशाच्या अंगावर असतो तसा चरबीचा जाड थर याला नसतो. पाण्यातल्या गारठ्यापासून वाचवतात ते केस: खालची दाट लव हवा धरून ठेवते, वरचे राठ केस पाणी आत शिरू देत नाहीत. ही व्यवस्था नीट चालायची तर केस वारंवार सुकवावे, विंचरावे लागतात. त्यामुळे मासेमारीची एक पाळी संपली की कळप काठावर चढतो आणि वाळूत, गवतात लोळायला लागतो. पोट घासतात, पाठ घासतात, एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून केस साफ करतात, पिल्लं मोठ्यांच्या अंगावरून कोलांट्या मारतात. हा कार्यक्रम बराच वेळ चालतो आणि त्या वेळात प्राणी डोक्यापासून शेपटीपर्यंत उघडा तुमच्यासमोर असतो. काठावर यायची आणखी दोन कारणं आहेत. लहान मासा ते पाण्यातच उभ्याने तरंगत खाऊन टाकतात, मोठा मात्र ओढत काठावर आणून डोक्याकडून खायला सुरुवात करतात. आणि विष्ठा टाकायच्या जागा कुटुंबाच्या ठरलेल्या असतात, तिथे ते पुन्हा पुन्हा येतात.

आता महिन्याचं का म्हणालो ते सांगतो. पेरियार हा नैसर्गिक तलाव नाही. १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण पूर्ण झालं आणि पेरियार नदीचं खोरं बुडालं. त्या वेळच्या जंगलाची वठलेली खोडं अजूनही पाण्यातून वर आलेली दिसतात, ज्यांवर पाणकावळे आणि तिरंदाज पक्षी पंख वाळवत बसतात. तलावाचं क्षेत्र सुमारे २६ चौरस किलोमीटर, पण तो एकसंध पसरलेला नाही. हाताची बोटं फाकवावीत तसे त्याचे फाटे डोंगरांच्या घळींमध्ये शिरले आहेत. इथे पाऊस दोनदा येतो, जून ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा परतीचा. म्हणजे तुमच्या नाताळच्या सुट्टीत पाणी चांगलंच वर असतं, काठच्या झाडीला थेट भिडलेलं. पाणमांजर बाहेर आलं की दोन उड्यांत झुडपात गडप. पुढे पाऊस थांबतो, बोगद्यातून तमिळनाडूकडे पाणी जातच असतं आणि पातळी उतरू लागते. फेब्रुवारीच्या अखेरीस काठाला गवताचा, चिखलाचा, मधूनमधून दगडांचा उघडा पट्टा तयार होतो. मासे उथळ फाट्यांमध्ये कोंडतात, पाणमांजरं तिथे जास्त वेळ घालवतात आणि बाहेर आली की त्या उघड्या पट्ट्यावरच येतात. हिवाळ्याच्या सुमारास जन्मलेली पिल्लं तोवर आईबापांच्या मागे हिंडू लागलेली असतात, हा वरचा फायदा. तोटाही सांगून ठेवतो: मार्चमध्ये दुपारी हवा धुरकट असते, आणि वणव्याच्या दिवसांत जंगलातल्या पायवाटा मध्येच बंद करतात. निघण्याआधी चौकशी करा.

तलाव मोठा दिसला तरी शोधायचं क्षेत्र फार थोडं आहे. मधलं खोल पाणी सरळ विसरा. मासे उथळात, म्हणून पाणमांजरंही उथळात. फाट्याच्या टोकाला जिथे एखादा ओढा येऊन मिळतो ती जागा, पाण्यात घुसलेली जमिनीची टोकं, आणि दगडांचे ढीग. दुर्बीण काठाला समांतर, सावकाश फिरवा. ८×४२ची साधी दुर्बीण या कामी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडते, आणि लोक नेमकी तीच घरी ठेवून येतात. पाण्यात डोकं दिसलं तर पाणकावळा की पाणमांजर हा घोळ पहिल्या दिवशी सगळ्यांचाच होतो. पाणकावळ्याची मान उभी असते, तिरंदाजाची तर सापासारखी. पाणमांजराचं डोकं पाण्याला चिकटून पुढे सरकतं आणि मागे लांब कोन करून लाटा पसरतात. बुडी मारताना पाठीची कमान होते, मग शेपटी. बुडीनंतर पाण्यावर बुडबुड्यांची माळ उमटत जाते, कारण केसांत धरलेली हवा पाण्याच्या दाबाने सुटत असते. ती माळ ज्या दिशेला चालली आहे तिच्या थोडं पुढे लेन्स रोखून ठेवा. बगळ्यांकडेही लक्ष असू द्या. दोनतीन बगळे काठाकाठाने घाईघाईने एकाच दिशेला चालले असतील, मध्येच थांबून चोच मारत असतील, तर पाण्यात त्यांच्या बाजूने कोणीतरी मासे उठवत चाललं आहे असं समजा.

तराफ्यावरून उतरून चालताना काठ वाचता येतो. गवत दबून, घासून गुळगुळीत झालेली जागा, शेजारी माशांच्या खवल्यांनी आणि काट्यांनी भरलेली विष्ठा. ताजी असेल तर काळपट, ओली आणि माशाचा उग्र दर्प येणारी. जुनी झाली की राखाडी होऊन भुगा होतो, खवले तेवढे चकाकत राहतात. चिखलात पाच बोटांचे ठसे आणि बोटांमधल्या पडद्याची पुसटशी खूण. ताजी विष्ठा दिसली की तिथेच ठाण मांडायची इच्छा होते. ती आवरा. जागा लक्षात ठेवा, तिच्यावरून चालू नका, आणि समोरच्या काठावर किंवा बरंच बाजूला, वारा तुमच्याकडून तिकडे जात नसेल असं बघून बसा. त्यांचं नाक तेज असतं. पाण्याबाहेर पडण्याच्या वाटेवर माणूस बसला तर ते दुसरी वाट धरतात आणि तुम्ही दिवसभर रिकामा काठ बघत राहता.

बोटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहाटेचं धुकं वर चढताना पहिल्या बोटीतून तलाव सुंदर दिसतो, हत्ती, गवे, सांबर दिसतात, नशीब असेल तर रानकुत्रीही. कुटुंबाबरोबर जायला ती ठीकच आहे. पण बोट ठरल्या मार्गाने जाते, ठरल्या वेळात परत येते, तुमच्यासाठी थांबत नाही, आणि तिच्या आवाजाने पाणमांजरं काठाआड होतात. बोटीतून काढायचेच असतील तर खालच्या मजल्यावर जागा घ्या, म्हणजे कोन पाण्याच्या जवळ येतो. लेन्स कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर तीतून थेट फोटोत उतरते. कोपर अंगाशी धरून हातातच धरा. आणि उठून उभे राहू नका. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ माणसं गेली. बोटीच्या बांधणीतले दोष आणि एका बाजूला झुकलेली गर्दी, दोन्ही कारणं तेव्हा पुढे आली होती. आता जीवरक्षक जॅकेट घालावंच लागतं. कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या वरून घ्या, आतून घेतलात तर लेन्स वेळेवर उचलता येत नाही.

बांबूचा तराफा ही वेगळीच गोष्ट आहे. सकाळी निघायचं, काही चालायचं, काही वल्हवत जायचं, संध्याकाळी परत. माणसं मोजकी, बरोबर वाटाडे आणि बंदूकधारी वनरक्षक. इंजिन नाही. तुम्ही पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर बसलेले असता, म्हणजे पाणमांजराच्या डोळ्याच्या पातळीला, आणि वन्यजीवांच्या फोटोत याहून मोठं दान मागू नये. हे वाटाडे कोण, हेही माहीत असावं. नव्वदच्या दशकात पेरियारमध्ये परिसर-विकासाचा प्रकल्प आला. तोवर जंगलात चोरून दालचिनीची साल काढणारे, शिकार करणारे लोक त्यातून वाटाडे आणि राखणदार झाले. काठावरची खूण जी नजर तेव्हा पोटासाठी शोधायची, तीच आता तुमच्यासाठी शोधते. सकाळी निघतानाच त्यांना स्पष्ट सांगा की वाघ नको, हत्ती नको, ‘नीरनाय’ बघायची आहे. पाणमांजराला मल्याळममध्ये नीरनाय म्हणतात. हे सांगितलं नाही तर ते बिचारे तुम्हाला हत्तींच्या जागी पोचवायच्या घाईत राहतात, कारण बहुतेक पाहुण्यांना तेच हवं असतं. वयाने मोठ्या वाटाड्याला ‘चेट्टा’ म्हणून हाक मारा, आपल्या ‘दादा’सारखं. चेट्टांनी थांबा म्हटलं की थांबायचं. काठावर पालथं पडून फोटो काढायची हौस असेल तर आधी त्यांना विचारा. मागच्या झाडीत गवा आहे की हत्तीण हे तुम्हाला दिसत नसतं. जळवांसाठी मोजे घ्या, विशेषतः पावसाळा संपता संपता गेलात तर.

तराफ्यावर तिपाईचा काही उपयोग नाही. रिकामी कापडी पिशवी घरून न्या आणि थेक्कडीशेजारच्या कुमिळी गावच्या बाजारात तांदळाने भरा. मांडीवर किंवा तराफ्याच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवता येते. परतताना तांदूळ कुणाला तरी देऊन टाका. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी बॅग हवीच.

आता कॅमेऱ्याच्या आकड्यांकडे येऊ. ६००वर तुमच्या लेन्सचं अॅपर्चर एफ ६.३च्या आसपास असेल, ते तसंच उघडं ठेवा. काठावर लोळणाऱ्या कळपाला शटर स्पीड १/५०० ते १/८०० पुरतो. पोहताना १/१२५०. पाण्यातून बाहेर येऊन अंग झटकतं तेव्हा थेंब गोठवायचे असतील तर १/२०००च्या पुढे. यासाठी सकाळी आयएसओ १६०० ते ३२०० लागेल. बेलाशक लावा, आवाज (म्हणजे फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. खरी अडचण एक्सपोजरची असते. ओलं पाणमांजर जवळजवळ काळं दिसतं, आणि त्याच काळ्यावर उन्हाची पांढरी चमक असते. मागे चकाकणारं पाणी असेल तर कॅमेरा सगळं अंधारतो आणि प्राण्याची नुसती आकृती उरते; तिथे एक्सपोजर दोनतृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वर न्या. मागे सावलीतलं काळोखं पाणी असेल तर उलट, अर्धा-पाऊण स्टॉप खाली, नाहीतर पाठीवरची चमक आणि गळ्याचा फिकट रंग जळून जातात. एकदा मॅन्युअलवर बसवून चाचणीचे फोटो काठच्या ओल्या, काळ्या दगडावर काढून बघा. पाणमांजर येईल तेव्हा मीटरशी झगडायला वेळ नसतो. ढगाळ सकाळ मिळाली तर कुरकुर करू नका, या प्राण्याला तोच प्रकाश सर्वांत चांगला.

फोकसबद्दल एकच सांगतो. नव्या कॅमेऱ्यांची डोळा शोधायची सोय पोहणाऱ्या पाणमांजरावर बऱ्याचदा फसते. डोळा बारीक, काळ्या केसांत काळा, समोर हलणारं पाणी. कॅमेरा लाटेलाच धरून बसतो. पाण्यात असेल तेव्हा फोकसचा छोटा चौकोन निवडून नाकाच्या मुळाशी ठेवा, काठावर आलं की डोळा शोधणं चालू करा. आणि कळप असेल तर सगळे एकाच अंतरावर कधीच नसतात. मासा ज्याच्या तोंडात आहे किंवा जो तुमच्या दिशेला बघतो आहे, त्याच्यावर फोकस धरा, बाकीचे धूसर झाले तरी बिघडत नाही. अधूनमधून लेन्स १५० ते २५०वर आणून काठ, वठलेली खोडं, धुकं यांच्यासकट कळपाचा फोटो घ्या. सगळेजण चेहऱ्याच्या मागे लागतात. पेरियारचा फोटो पेरियारचा वाटावा तो अशा मोकळ्या चौकटीतच.

व्हिडिओ नक्की घ्या. ही जात बडबडी आहे. पिल्लं मागे पडली की शिट्टीसारखा बारीक, तीक्ष्ण आवाज काढतात, मोठे त्याला उत्तर देतात, आणि मोठा मासा फोडताना काट्यांचा कडकड आवाज शांत सकाळी पाण्यावरून स्पष्ट ऐकू येतो. तलावात बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि कॉमन कार्प आहेत, ते पाणमांजरांच्या खाण्यात असतात. तोंडातल्या माशाचा नीट फोटो मिळाला तर जात ओळखून तारखेसह लिहून ठेवा, अशा नोंदी अभ्यासकांच्या कामी येतात.

किती जवळ जायचं याचं मीटरमधलं उत्तर माझ्याकडे नाही. उत्तर प्राणीच देतो. कळप आपल्या कामात आहे, लोळतोय, खातोय, तोवर तुम्ही ठीक जागी आहात. एखादं मागच्या पायांवर उभं राहून तुमच्याकडे बघू लागलं तर जिथे आहात तिथेच थिजा, कॅमेराही हलवू नका. बहुतेक वेळा ते पुन्हा कामाला लागतं. नाकातून जोरात फुस्कारा आला आणि सगळी डोकी एकदम तुमच्याकडे वळली तर मागे सरा. पाण्यात असताना हे कळप कधीकधी स्वतःहून तराफ्याच्या जवळ येतात, विशेषतः अर्धवट वाढलेली पिल्लं, माना उंच करून, फुसफुसत. लोकांना वाटतं ती खेळायला आली. खेळकरपणा त्यात थोडा असेलही, पण मोठेही तसं करत असतील आणि आवाज वाढत असेल तर जवळपास बीळ असण्याची शक्यता धरा आणि वल्ही उलटी मारायला सांगा. दगडांच्या कपारीत किंवा मुळांखाली बीळ दिसलंच तर तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. मासे टाकून बोलावणं, आवाज वाजवणं, फ्लॅश, ड्रोन या गोष्टी व्याघ्र प्रकल्पात चालत नाहीतच, पण कोणी ‘सर, थोडा मासा टाकू का’ म्हणालं तरी नको म्हणा.

फोटो टाकताना जागेचा उल्लेख ‘पेरियार’ एवढाच ठेवा. फाट्याचं नाव नको, मोबाइलच्या फोटोतली जीपीएस नोंदही काढून टाका. कातड्यासाठी पाणमांजरांची शिकार आपल्याकडे पूर्वापार होत आली आहे, आणि गेल्या काही वर्षांत आग्नेय आशियात ती पाळण्यासाठी विकण्याचा धंदा इतका वाढला की २०१९ मध्ये या जातीचा आंतरराष्ट्रीय धंदेवाईक व्यापार साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या) कराराखाली बंद करावा लागला. तुमच्या ‘किती गोंडस’ फोटोखाली ‘कुठे मिळेल’ अशी विचारणा येते तेव्हा ती नेहमी पर्यटकाचीच असते असं नाही.

राहता राहिलं सरावाचं. पेरियारचा खर्च करण्याआधी हात बसवायचा असेल तर पुण्याहून गोवा जवळ आहे. तिथल्या खाड्यांत, खारफुटीत आणि खाजणात हीच जात राहते. रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जा आणि सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूने सकाळी सावकाश फिरा. तलावात पाण्याची पातळी महिन्यांनी बदलते, खाडीत दिवसातून दोनदा, त्यामुळे तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जायचं: ओहोटीला खाजणाच्या मानशीपाशी (बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी) मासे गोळा होतात आणि पाणमांजरं तिथे येतात. खडकांतली हवी असतील तर हंपीजवळ तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा २०१५ पासून पाणमांजरांसाठी राखीव आहे. दोन्हीकडे पहाटे पोचा, दहानंतर हॉटेलवर परत या आणि चारला पुन्हा निघा. मधल्या उन्हात पाणमांजरं सावलीत झोपलेली असतात आणि पाण्यावरून येणाऱ्या झळांमुळे ६००वर काहीच धारदार येत नाही.